डाग, दिवा आणि लेप

गेली वीस-बावीस वर्षे मी वडोदऱ्यातील एका शाळेत इतिहास शिकवीत आहे. इतिहासाच्या शिक्षिकेला मुले बहुधा सनावळ्यांविषयी विचारतात, किंवा सनावळ्या विचारू नका अशी विनवणी करतात. परंतु दोन वर्षांपूर्वी दहावीच्या एका मुलीने मला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मजजवळ नव्हते. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला शोध आहे, असे समजावे.

ही मुलगी मूळची पहिल्या बाकावरची. पुढे ती दुसऱ्या बाकावर गेली, मग चौथ्या, आणि दिवाळीनंतर शेवटच्या. ओढणी डोक्यावरून ओढून अर्धा चेहरा झाकून ती बसू लागली. वयाप्रमाणे तिच्या गालांवर मुरमे आली होती. ती गेली आणि मागे काळे डाग ठेवून गेली. शेजारच्या एका काकूंनी कसलीशी मलमाची नळी दिली. आठ दिवसांत चेहरा उजळला म्हणून घरात आनंद झाला. दोन महिन्यांनी गाल लालबुंद झाले, उन्हात पाऊल टाकताच आग होऊ लागली, आणि मलम थांबवावे तर मुरमे पूर्वीपेक्षा दुप्पट जोराने उठू लागली. एके दिवशी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, "बाई, पूर्वीच्या काळी बायकांच्या तोंडावर डाग नव्हतेच का हो? आपल्या पुस्तकातल्या एकाही राणीच्या तोंडावर दिसत नाहीत."

प्रश्न साधा होता. पण तो विचारताना तिची नजर जमिनीवर खिळलेली होती. मी काहीतरी समजुतीचे बोलले आणि तिला घरी पाठविले. नंतर मात्र मनात आले की, हिने इतिहासाचाच प्रश्न विचारला आहे. त्याला इतिहासानेच उत्तर दिले पाहिजे.

चित्रातील राण्यांच्या तोंडावर डाग का दिसत नाहीत, हे सांगण्यास वडोदऱ्यासारखे दुसरे गाव नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने राजा रविवर्मा येथे राहिले, आणि 1888 साली महाराजांनी सांगितलेली पुराणप्रसंगांची 14 चित्रे त्यांनी दोन वर्षांत पुरी केली. येथील माजी दिवाण सर टी. माधवराव यांनीच त्यांना आपली चित्रे छापून घरोघर पोहोचविण्याची सूचना पूर्वी केली होती. पुढे 1894 साली मुंबईत छापखाना निघाला, मागून तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्राच्या भिंतीभिंतींवर विराजमान झाल्या. त्या देवता होत्या. त्यांच्या कांतीवर वण असण्याचे कारणच नव्हते. परंतु देवतेच्या मुखाकडे रोज पाहता पाहता माणसाचे मुखही तसेच असावे, असे आपणांस केव्हा वाटू लागले ते आपले आपल्यालाच कळले नाही.

वस्तुस्थिती निराळी होती. पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांचा एक डोळा लहानपणी देवीच्या रोगाने गेला आणि चेहऱ्यावर वण राहिले. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी 1562 साली याच रोगातून उठली. ज्यांची नावे आपण पाठ करतो त्यांची ही कथा. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या लक्षावधी स्त्रीपुरुषांची काय सांगावी? माणसाची ओळख लिहिताना 'तोंडावर देवीचे वण' असे नोंदवावयाचे, हा जुन्या कचेऱ्यांचा प्रघातच होता. डाग पुष्कळ होते. चित्रकाराने ते काढले नाहीत, एवढेच.

आता डागाची एक अजब गोष्ट सांगते. वडोदऱ्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी मुंबईसाठी व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा करविला. मॅथ्यू नोबल नावाच्या शिल्पकाराने तो घडविला आणि 1872 साली, खंडेरावांच्या पश्चात, त्याचे अनावरण झाले. 1896 साली एका रात्री त्या शुभ्र मुखावर कोणी डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. ते काम आपले असल्याचे दामोदर हरि चापेकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. राजकारण क्षणभर बाजूस ठेवू. सरकारपुढे प्रश्न आला की, संगमरवरात मुरलेले डांबर काढावे कसे? भल्याभल्यांनी प्रयत्न केले आणि हात टेकले. अखेर हे काम साधले ते प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांना. हे गज्जर म्हणजे आमच्या वडोदऱ्याच्या कलाभवनाचे पहिले प्रमुख. 1890 साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या त्या संस्थेत त्यांनी रसायन व रंगकाम शिकविले होते. वडोदऱ्याने दिलेला पुतळा वडोदऱ्याच्याच रसायनज्ञाने स्वच्छ केला!

ही गोष्ट मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे आणि मुले टाळ्या पिटतात. पण त्या मुलीचा चेहरा पाहिल्यापासून मला तिची दुसरी बाजू दिसू लागली. दगडावरचा डाग बाहेरून आलेला असतो. योग्य द्रव्य सापडले की तो विरघळतो आणि दगड पूर्ववत होतो. कातडीचा डाग बाहेरून आलेला नसतो. तो कातडीने स्वतः केलेला असतो. मुरूम सुजते तेव्हा आतल्या थरात दाह होतो. त्या दाहाने चेतून रंगपेशी अधिक रंगद्रव्य निर्माण करतात आणि आसपासच्या पेशींत ते साठते. हा झाला काळा डाग. दाह खोल गेला आणि कातडीस आधार देणारे तंतू तुटले तर खड्डा पडतो. हा झाला वण. डाग म्हणजे रंगाची गडबड, वण म्हणजे बांधणीची मोडतोड. दोन्ही गोष्टी घासून निघत नाहीत. किंबहुना घासण्याने दाह वाढतो आणि दाहाने डाग वाढतो. आमच्या घरांतील अर्धे उपाय याच एका चुकीवर उभे आहेत. आपण मुलीच्या गालाला पुतळ्याचा गाल समजतो.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक समजूतदार होते, असे मला म्हणावेसे वाटते. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या मुखावर येणाऱ्या पुळ्यांना 'मुखदूषिका' असे नाव आहे, आणि त्यांना काटेसावरीच्या काट्याची उपमा दिली आहे. ज्याने काटेसावरीचे खोड जवळून पाहिले असेल त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. कफ, वात व रक्त यांच्या दोषाने त्या होतात, असे कारण सांगून वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप सांगितला आहे. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते निराळेच. व्रणाच्या चिकित्सेच्या सात पायऱ्या सुश्रुताने सांगितल्या, त्यांतील शेवटची पायरी 'वैकृतापह' ही होय. म्हणजे जखम भरून आल्यावर जे वैगुण्य मागे राहते ते दूर करणे. पुढे या सात पायऱ्यांचा विस्तार 60 उपक्रमांत केला आहे. त्यांत पांढऱ्या पडलेल्या वणाला काळसर करण्याचे 'कृष्णकर्म' आहे आणि काळ्या पडलेल्या वणाला उजळ करण्याचे 'पांडुकर्म' आहे. खोल गेलेला व्रण वर आणणे आणि उंच वाढलेला खाली बसविणे, यांसाठीही स्वतंत्र उपक्रम आहेत. पांडुकर्मासाठी हरडीच्या जातीचे रोहिणी नावाचे फळ सात रात्री शेळीच्या दुधात ठेवून, त्याच दुधात बारीक वाटून लावावे, असे सांगितले आहे.

हे औषध आज लावावे असे मी मुळीच सुचवीत नाही. सांगावयाचे आहे ते इतकेच की, जखम भरली म्हणजे वैद्याचे काम संपले असे त्या ग्रंथकाराने मानले नाही. कातडीचा रंग आणि सपाटी परत आणणे हाही चिकित्सेचाच भाग आहे, ही केवळ नटण्यामुरडण्याची बाब नव्हे, हे त्याने ओळखले होते. आणि त्या पायऱ्यांचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी सूज उतरविणे, मग शुद्धी, मग भरणे, आणि सर्वांत शेवटी रंग. आपण मात्र शेवटच्या पायरीवर पहिली उडी मारतो.

पुढच्या काळात लेप हा वैद्याच्या खलातून राजाच्या स्नानगृहात गेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये स्नान आणि विलेपन यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. मराठी वाचकांना या ग्रंथाचे अगत्य आणखी एका कारणाने असते. जुन्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात. हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला तो वडोदऱ्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने. श्री. गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला पहिला भाग 1925 साली निघाला. आपण दिवाळीच्या पहाटे उटणे लावतो तेव्हा या विलेपनाच्याच परंपरेत उभे असतो. त्या उटण्याने डाग जात नाहीत हे खरे. पण हळुवार हाताने, वर्षातून एकदा का होईना, कातडीची आठवण ठेवली जाते.

लेपाची कथा अशी आपल्या घरची आहे. दिव्याची कथा मात्र थंड देशातून सुरू होते.

नील्स फिन्सेन नावाचा एक डॅनिश डॉक्टर होता. उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर 1860 साली त्याचा जन्म झाला. त्याची स्वतःची प्रकृती तरुणपणापासून खालावलेली होती, आणि सूर्यप्रकाशात बसले की बरे वाटते, असा त्याला अनुभव होता. प्रकाशाचा देहावर नेमका काय परिणाम होतो हे शोधण्याचा त्याने ध्यास घेतला. श्रोतेहो, या माणसाचा पहिला गाजलेला विचार कशाविषयी होता, ठाऊक आहे? चेहऱ्यावरील वणांविषयी! 1893 साली त्याने असे प्रतिपादन केले की, देवीच्या रोग्याला लाल पडद्यांच्या खोलीत ठेवावे. प्रकाशातील निळे-जांभळे किरण अडविले आणि फक्त तांबडा प्रकाश येऊ दिला तर फोड पिकत नाहीत आणि वण पडत नाहीत. युरोपात देवीच्या रोग्याला तांबड्या वस्त्रात गुंडाळण्याची जुनी समजूत होतीच. फिन्सेनने तिला शास्त्राचा आधार देण्याचा यत्न केला. पुढील पडताळ्यात ही लाल खोली टिकली नाही. देवीच्या वणांवर खरा उपाय ठरला तो जेन्नरने 1796 साली दाखविलेला लसीचा. भारतात पहिली लस 1802 साली मुंबईत एका लहान मुलीला टोचण्यात आली, आणि अखेर 1980 साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आज आपल्या मुलांच्या तोंडावर देवीचे वण दिसत नाहीत, हे केवढे मोठे भाग्य आहे याची जाणीव मुरमांच्या डागांनी खिन्न झालेल्या मुलांना करून दिली पाहिजे. मात्र त्यांचे दुःख हसण्यावारी नेण्यासाठी नव्हे.

लाल खोलीत चुकलेला फिन्सेन निळ्या दिव्यात जिंकला. त्या काळी त्वचेचा क्षय हा भयंकर रोग होता. तो नाक, ओठ, गाल कुरतडीत जाई, आणि रोगी समाजात तोंड दाखवू शकत नसे. 1895 साली फिन्सेनने विजेच्या कार्बन-दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगांनी एकत्र करून, पाण्याने थंड करून, अशा एका रोग्याच्या चेहऱ्यावर सोडण्यास आरंभ केला. हा रोगी कोपनहेगनच्या वीजकेंद्रातील एक अभियंता होता. कित्येक वर्षांचा त्याचा रोग काही महिन्यांत आटोक्यात आला. दुसऱ्याच वर्षी कोपनहेगनमध्ये प्रकाशचिकित्सेची संस्था उभी राहिली. परिचारिका रोग्याजवळ बसत, कातडीवर स्फटिकाची चकती दाबून धरीत, म्हणजे रक्त बाजूस सरून प्रकाश खोल जाई. एका लहानशा जागेसाठी तासभर, आणि असे दिवसामागून दिवस. 1903 साली फिन्सेनला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या 43 व्या वर्षी, तो वारला.

या कथेला शंभर वर्षांनी एक पुरवणी जोडली गेली. फिन्सेनची जुनी भिंगे 2005 च्या सुमारास डॅनिश संशोधकांनी पुन्हा तपासली. तेव्हा असे दिसून आले की, ज्या अतिनील किरणांना सर्व श्रेय दिले जात होते त्यांपैकी तीव्र किरण त्या भिंगांतून जातच नव्हते. रोगजंतूंच्या शरीरात पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात; ती जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात, प्राणवायूचे तीक्ष्ण रूप निर्माण करतात आणि जंतू त्याच्यामुळे मरतो. फिन्सेनचा दिवा बहुधा याच मार्गाने काम करीत असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे तो माणूस बरोबर उत्तराला पोहोचला होता, पण त्या उत्तराचे कारण त्याला अखेरपर्यंत कळले नव्हते. गणिताच्या पेपरात असे झाले तर आम्ही गुण कापतो. इतिहासाने मात्र त्याला पुरे गुण दिले.

प्रकाशचिकित्सेची ही लाट आपल्याकडेही आली होती. आमच्या गुजरातेतच, जामनगरला, क्रिकेटपटू म्हणून जगाला ठाऊक असलेले जामसाहेब रणजितसिंहजी यांच्या पुढाकाराने 1933 साली एक विलक्षण 'सोलॅरियम' उभे राहिले. डॉ. झाँ सेदमाँ या फ्रेंच तज्ज्ञाची ही कल्पना. मनोऱ्यावर खोल्यांची एक लांब ओळ, आणि ती ओळ सूर्याबरोबर फिरणारी! सूर्यफूल जसे सूर्याकडे तोंड ठेवते तसे हे रुग्णालय ठेवीत असे. सूर्यकिरण भिंगांतून व रंगीत काचांतून गाळून रोग्यांवर सोडीत. त्यांत त्वचेचे रोगीही असत. पुढे ते बंद पडले.

योगायोग असा की, त्याच 1933 साली आपल्या देशातील रसायनज्ञांनी बावचीच्या बियांतून 'सोरालेन' हे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसावयाचे, हा आपल्याकडील फार प्राचीन उपाय. लेप आणि प्रकाश यांची जोडी आपल्या वैद्यांना शेकडो वर्षे ठाऊक होती; त्या लेपातील कोणते द्रव्य सूर्याशी संगनमत करते ते या शोधाने कळले. 1974 साली अमेरिकेत सोरालेन आणि अतिनील प्रकाश यांची पद्धतशीर चिकित्सा सुरू झाली. पण हे दुधारी शस्त्र आहे. मात्रा चुकली तर कातडी भाजते, आणि फार काळ वापरले तर कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे ते डॉक्टरच्या हातातच शोभते.

मग मुरमांच्या डागांसाठी सौम्य प्रकाश कोणता? येथे फिन्सेनची पुरवणी उपयोगी पडते. मुरमांमध्ये वाढणारा जंतूही तेच पॉर्फिरिन बनवितो. म्हणून सुमारे 415 नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा निळा प्रकाश त्याला मारक ठरतो. त्यात अतिनील किरण नसतात. तांबडा प्रकाश कातडीत अधिक खोल जातो आणि दाह शमविण्यास साहाय्य करतो. बुडापेस्टचे एंद्रे मेस्टर यांनी 1967 च्या सुमारास उंदरांच्या पाठीवर मंद लेसरचा तांबडा प्रकाश सोडला, तेव्हा तेथील केस अधिक लवकर उगवले. मंद प्रकाश पेशींना चेतना देतो, या अभ्यासाचा तो आरंभ मानतात. लंडनमधील डॉक्टरांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मुरमांच्या 107 रोग्यांचे चार गट केले होते. बारा आठवड्यांनंतर ज्यांना निळा आणि तांबडा प्रकाश एकत्र दिला त्यांच्या सुजलेल्या मुरमांत 76 टक्के सुधारणा आढळली. आता असे दिवे लहान झाले आहेत, आणि फिन्सेनच्या परिचारिकेच्या तासाऐवजी काही मिनिटे पुरतात.

तरीही अतिशयोक्ती नको. हा प्रकाश मुरमे आटोक्यात आणण्यास मदत करतो, त्यामुळे नवे डाग कमी पडतात. जुना खड्डा तो भरून काढीत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांजवळ सुयांचे, लेसरचे आणि शस्त्रक्रियेचे वेगळे मार्ग आहेत. दुसरे असे की, आपली कातडी गव्हाळ-सावळी. गोऱ्या कातडीवरचे प्रयोग तिला जसेच्या तसे लागू पडतात असे नाही. निळ्या-जांभळ्या दृश्य प्रकाशाने सावळ्या त्वचेवरील रंग अधिक गडद होऊ शकतो, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून डोळ्यांवर संरक्षण ठेवल्याशिवाय, आणि आपण घेत असलेल्या गोळ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय, कोणताही दिवा चेहऱ्यापुढे धरू नये. काही औषधांनी कातडी प्रकाशाला हळवी होते.

लेपांच्या बाजूलाही विसाव्या शतकात मोठी भर पडली. जीवनसत्त्व 'अ' पासून बनविलेले ट्रेटिनॉइन हे औषध मुरमांसाठी अमेरिकेत 1971 साली मान्य झाले. ते मुरमांची बुडे मोकळी करते आणि हळूहळू डागही फिके करते. त्याचा पुरस्कर्ता डॉ. अल्बर्ट क्लिगमन हा कर्तबगार खरा. पण फिलाडेल्फियाच्या तुरुंगातील कैद्यांवर त्याने वर्षानुवर्षे जे प्रयोग केले त्यांचा काळिमा त्याच्या नावावर कायम आहे. डाग घालविणाऱ्या औषधाच्या जन्मावरही डाग आहे, हे इतिहासाच्या शिक्षिकेने लपवू नये. याखेरीज अॅझेलेइक अॅसिड आहे, नायसिनामाइड आहे. या साऱ्यांचा गुण एकच: ती मंदगतीने काम करतात. आठवडे नव्हे, महिने लागतात. गर्भवती स्त्रियांनी ट्रेटिनॉइन टाळावे. आणि या सर्वांच्या आधी येते ती उन्हापासून राखण. डाग उन्हाने गडद होतो. उन्हाला न अडविता डागावर औषध लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

आता त्या काकूंच्या नळीकडे येऊ. त्या नळीत स्टिरॉइड होते. हे फार उपयुक्त औषध आहे. योग्य रोगावर, योग्य दिवसांपुरते वापरले तर प्राणही वाचविते. पण ते रक्तवाहिन्या आकसवते, दाह दाबून टाकते आणि काही दिवस चेहरा गोरा दिसतो. हीच फसगत. पुढे कातडी पातळ होते, लाल होते आणि औषधाची गुलाम बनते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. नियम झाला, शेजारधर्माला मात्र चिठ्ठी लागत नाही. आमचे वडोदरा तर औषधांचेच गाव. 1907 साली प्रोफेसर गज्जर, श्री. कोटिभास्कर आणि श्री. भाईलालभाई अमीन यांनी येथे अलेम्बिकचा कारखाना काढला, आणि आपल्या देशाची औषधे आपल्या देशात करण्याचा मार्ग दाखविला. ज्या गावाने औषध बनविण्याची विद्या मिळविली त्या गावाने ते जपून वापरण्याचीही विद्या मिळविली पाहिजे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगून संपविते. तिच्या आईला मी शाळेत बोलावले. त्या म्हणाल्या, "बाई, मुलीची जात. उद्या बघायला येतील तेव्हा काय सांगायचं?" त्या माउलीला मी काय बोलणार? तिचा तो घोर खोटा नव्हता. मी एवढेच म्हणाले, "वहिनी, आधी तिची आग थांबवू. बघायला येणाऱ्यांचं मग बघू." आम्ही तिघी एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. तेथील डॉक्टरांनी नळी बंद करविली. साधे साबणरहित द्रव्य, साधे मलम, उन्हासाठी संरक्षण, आणि धीर, एवढेच लिहून दिले. पहिले दोन महिने फार वाईट गेले. चेहरा आणखी बिघडला. तिने शाळा सोडण्याची भाषा केली. तिसऱ्या महिन्यात लाली उतरली. मग मुरमांवरचा उपचार सुरू झाला. सूज, शुद्धी, भरणे, आणि शेवटी रंग. सुश्रुताच्या त्याच पायऱ्या, निराळ्या औषधांनी.

परीक्षेपर्यंत डाग गेले नव्हते. फिके झाले होते. गालावरचे दोन-तीन खड्डे आजही आहेत आणि बहुधा राहतील. पण निरोपसमारंभाच्या दिवशी ओढणी डोक्यावर नव्हती, ती खांद्यावर होती. मी तिला जवळ बोलावले आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "अगं, राण्यांच्या तोंडावरही डाग होते. चित्रकाराने काढले नाहीत." ती हसली आणि म्हणाली, "बाई, मग मी चित्रकार झाले तर काढीन."

श्रोतेहो, आपल्या घरात अशी एखादी मुलगी असेल, किंवा मुलगाही असेल, कारण मुलगे हे दुःख बोलून दाखवीत नाहीत इतकेच. तर तिच्या हाती नळी देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तिचा गाल म्हणजे संगमरवर नव्हे. तो स्वतःला दुरुस्त करणारा आहे. त्याला वेळ द्यावा, सावली द्यावी, जाणत्या डॉक्टरचा हात द्यावा, आणि तोवर पहिल्या बाकावरची तिची जागा रिकामी ठेवावी.